मागच्या चाकाजवळचं तेल

गाडी तीनदा डोलली. शाळेसमोरचा गतिरोधक काही नवा नव्हता, खुशालरावांना तो पाठ होता. त्यांनी वेळेवर ब्रेक लावला, गाडी पहिल्या गिअरवर आणली, पुढची चाकं हळू चढवून हळू उतरवली, मग मागची. आणि तरी मागची चाकं उतरल्यावर गाडी खाली बसली, वर आली, पुन्हा बसली, पुन्हा वर आली, आणि तिसऱ्यांदा बसून मग कुठं शांत झाली. मागच्या सीटवरची किराण्याची पिशवी कलंडली आणि साबणाची वडी खाली पडल्याचा आवाज आला. त्यांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं. हात स्टिअरिंगवरच राहिले. गेली चार वर्षं ही गाडी अशीच डोलत होती. बाजार, बँक, फार तर बडनेरा स्टेशन. एवढ्याशा फिरण्यात ते डोलणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. आज त्यांनी ते मोजलं, कारण सकाळी फोन आला होता.

फोन प्रियदर्शनीचा, त्यांच्या मुलीचा, अकोल्याहून. ती तिथं कृषी विद्यापीठात माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. आठवा महिना लागायला चार दिवस होते आणि बाळंतपणाला ती अमरावतीला माहेरी यायची होती. जावई रोहित कामानं महिनाभर इंदूरला अडकला होता. आपण सकाळच्या ट्रेननं जायचं आणि दुपारच्या ट्रेननं तिला घेऊन बडनेऱ्याला उतरायचं, असं खुशालरावांनी मनाशी धरून ठेवलं होतं. "बाबा, शनिवारी मले घ्यायले या," ती म्हणाली, "पण ट्रेननं नको. स्टेशनचा जिना होत नाही आता माह्यानं. आपली कार घेऊन या."  ते म्हणाले, "एखादी मोठी टॅक्सी पाहतो."  "आपली कार हाये ना," ती म्हणाली. "तुम्हीच चालवा. मले तुमच्यासंगं यायचं हाये." आणि तिनं फोन ठेवला.

चार वर्षांपूर्वी ते तिला याच कारमधून अकोल्याहून अमरावतीला आणत होते. तेव्हा तिला दिवस जाऊन अडीच महिने झाले होते. मावशीच्या मुलीचं लग्न होतं. खुशालरावांनीच फोन करून म्हटलं होतं, ये, मी येतो घ्यायला, त्रास होऊ देत नाही तुला. त्या वेळी महामार्गाचं काम चालू होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्ता खोदून ठेवलेला आणि सगळी वाहनं बाजूच्या कच्च्या वाटेनं जात होती. पुढच्या ट्रकची धूळ काचेवर येत होती. त्या धुळीत एक आडवी खोल चर होती. ती दिसली तेव्हा उशीर झाला होता. पुढची चाकं आदळली, मग मागची, आणि त्यानंतर कार डोलत राहिली, थांबायचं नाव घेईना. आरशात त्यांना मागच्या सीटवरची प्रियदर्शनी दिसली. तिचा एक हात दारावरच्या कडीला होता, दुसरा पोटावर. "लागलं काय गं?" "नाही बाबा. चला." दोन दिवसांनी, हळदीच्या दिवशी, तिला दवाखान्यात न्यावं लागलं. बाळ राहिलं नाही. डॉक्टरीणबाईंनी मायलेकींना आत काय सांगितलं ते खुशालरावांनी ऐकलं नाही, ते बाहेर कारजवळ उभे होते. घरी आल्यावर त्यांची बायको कौशल्या म्हणाली, "अहो, त्या म्हणतात धक्क्यानं नाही होत असं," आणि ते उठून अंगणात गेले. मग जेव्हा जेव्हा विषय निघाला तेव्हा ते उठले. कधी नळ बंद करायला, कधी फाटक लावायला. पुढं विषय निघायचाच थांबला.

कारण त्यांना जे ठाऊक होतं ते त्या डॉक्टरीणबाईंना कुठं ठाऊक होतं. त्या प्रवासाच्या आठ दिवस आधी त्यांनी कार वली मिस्तरीकडे दाखवली होती, तेलपाणी करून घ्यायला. वलीभाई चाकाखाली वाकून पाहून आला आणि हात पुसत म्हणाला होता, "मागच्या चाकाजवळ तेल दिसून रायलं, भाऊ. शॉकअप चालले तुमचे. लांब जायचं असन तर आधी बदलून घ्या." आणि ते म्हणाले होते, "लग्न होऊन जाऊ दे." चारच शब्द. ते चार शब्द त्यांना त्यांच्या स्वतःच्या आवाजात ऐकू यायचे, दाढी करताना, वर्तमानपत्र उघडताना, प्रियदर्शनीचा फोन वाजला की उचलण्याआधी. ही गोष्ट त्यांनी कौशल्याला सांगितली नाही. आणि नंतर शॉकअप बदललेही नाहीत. बदलायला हवे होते हे पहिल्याच आठवड्यात कळत होतं, पण वलीच्या दारात जायचं म्हणजे ते तेल पुन्हा पाहायचं, आणि नवे टाकायचे म्हणजे जुने वाईट होते हे स्वतःच्या तोंडानं म्हणायचं. त्यापेक्षा बाजारहाट सोडला तर त्यांनी कार फाटकाच्या आत लिंबाखाली उभी ठेवली. अकोल्याला ते ट्रेननं जाऊ लागले, तासभर बसून चहा घेऊन परत येऊ लागले.

खरं तर धक्का ओळखणं हेच त्यांचं काम होतं. चौतीस वर्षं त्यांनी रेल्वेच्या रुळांवर काढली होती आणि बडनेऱ्याहून ट्रॅकचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले होते. इंजिनाचे ड्रायव्हर स्टेशनात लिहून द्यायचे, अमक्या खांबाजवळ गाडीला झटका बसतो. मग खुशालराव माणसं घेऊन तिथं जायचे. नुसतं पाहून काही दिसायचं नाही, रूळ सरळच असायचा. ते बाजूला खडीवर तळहात ठेवून उकिडवे बसायचे, एखादी मालगाडी त्या रुळावरून जाऊ द्यायचे आणि मग बोट दाखवायचे, इथं. तिथली खडी उकरली की स्लीपरखाली बोटभर पोकळी निघायची. ती ठासून भरायची. त्या जागेवरून नंतर हजारो माणसं झोपेत जायची आणि कुणाला काही कळायचं नाही, आणि हे न कळणं म्हणजेच आपली नोकरी, असं ते नव्या माणसांना सांगायचे. असा माणूस स्वतःच्या मुलीला मागं बसवून, गळणाऱ्या शॉकअपवर, धुळीत पन्नासच्या वेगानं गेला. कडेला उभ्या केलेल्या कारमध्ये बसून त्यांना हे सगळं आठवलं असं नाही. ते आठवायला लागतच नव्हतं. शाळा सुटली, पोरं कारच्या दोन्ही बाजूंनी वाहून गेली, आणि रस्ता मोकळा झाल्यावर त्यांनी किल्ली फिरवली. कार घराकडे न वळवता जुन्या बायपासकडे वळवली.

वलीभाईची दाढी पांढरी झाली होती. तो स्टुलावर बसून चहा पीत होता आणि खुशालरावांना पाहून उठला नाही, नुसता बाजूचा स्टूल पुढं सरकवला. "या खुशालभाऊ. मले वाटलं दुसरा मिस्तरी धरला तुमी." "शॉकअप टाकायचे हायेत," खुशालराव म्हणाले. "चारही." वलीनं कप खाली ठेवला, कारच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही तळवे टेकवून जोर दिला आणि सोडून दिलं. कार बसली, उठली, बसली, उठली. "हिच्यात तर जानच नाही रायली," तो म्हणाला. "चांगल्या गाडीनं एकदा वर येऊन थांबाले पायजे." मग त्यानं खुशालरावांचा हात धरून टायरवरून फिरवला. "लाटा लागते का हाताले? चाक रस्त्यावर टिकतच नाही, उड्या मारत चालते, म्हणून टायर असा खाल्ला जाते." हाताला लाटा लागल्या. नजरेला टायर गुळगुळीत दिसत होता.

शेजारच्या गाळ्यात सुट्या भागांचं दुकान होतं. ते आता वलीची मुलगी शाइस्ता चालवत होती. खोक्यांच्या रांगांमध्ये ती चष्मा लावून बसली होती, डोक्यावरची ओढणी कानामागं खोचलेली. खुशालराव तिच्यासमोर उभे राहिले आणि वाटेत ठरवून ठेवलेलं म्हणाले, "सगळ्यात भारी दे, बेटा. गॅसवाले असतात म्हणे."

"गाडीत कोन बसते, काका?"

"मीच. कधी आमची ही."

"न् आता?"

त्यांना वाटलं, हिला काय करायचं आहे. मग ते म्हणाले, "पोरगी. आठवा महिना हाये तिले. अकोल्याहून आणायची हाये."

शाइस्तानं चष्म्यावरून पाहिलं. "चालवता किती जोरात?"

"पन्नास. फार तर साठ."

"मग गॅसचे कायले? ते कडक रायतात. जो शंभराच्या वर पळवते, भरून चालवते, त्याच्यासाठी चांगले, गाडी रस्त्याले धरून रायते. तुमाले नरम पायजे. कंपनीचे साधे तेलाचे न्या, जे गाडीसंगं आले होते तसेच. जोडीनं बदला, एक नवा एक जुना असला का गाडी एकीकडं ओढते. न् वरचे माउंट, रबराचे बुश बी नवे टाका, नाही तर शॉकअप नवा न् खडखड जुनीच." ती उठून खोके काढू लागली. "बाजारात जुन्यात तेल भरून, काळा रंग मारून विकतात लोकं. दिसाले नव्यावानी. कुठं स्वस्त भेटले तर घेऊ नका. हवा किती भरता टायरात?"

"चाळीस."

"कोनं सांगतलं?"

कुणीच सांगितलं नव्हतं. टायर टणक असला की त्यांना बरं वाटायचं. "तेहतीस भरा," शाइस्ता म्हणाली. "अर्धा धक्का तर तुमच्या हवेनंच लागून रायला असन."

तिनं एक शॉकअप खोक्यातून काढून उभा धरला आणि त्याचा चकचकीत दांडा पाच-सहा वेळा वर ओढून खाली दाबला. आडवा पडून राहिला की आत हवा शिरते, ती बसवायच्या आधी काढावी लागते, असं ती म्हणाली. मग तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी दाबला. दांडा खाली गेला, नको नको म्हणत, पण एका चालीत. त्यांनी वर ओढला तर तो आणखी जड झाला. पुन्हा दाबला, पुन्हा ओढला. "येताना जास्त जड लागते," ते म्हणाले. "हो, तसाच असते," शाइस्ता म्हणाली. "खड्डा स्प्रिंग खाते, काका. पण स्प्रिंग खाऊन चूप नाही बसत, ते उड्या मारते. हा तिले येताना धरते, बस." त्यांनी तो आणखी एकदा ओढला. इतक्या वर्षांत शॉकअप धक्का झेलतो असंच ते समजत आले होते. हातातल्या त्या जडपणानं त्यांना काहीतरी बरं वाटत होतं आणि ते बरं वाटणं लपवण्यासाठी त्यांनी तो काउंटरवर ठेवून दिला.

वलीनं मागचं चाक उतरवलं. जुना शॉकअप बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर तेल आणि मातीचा जाड लेप होता, काळा, वाळलेला, काही जागी अजून ओला. वलीनं तो उलटा धरला तर दांडा आपोआप सरकून खाली लोंबकळला. खुशालराव पाहत राहिले. मग त्यांनी विचारलं, "चार वर्षांआधी कसा असन हा?"

"कोन सांगन ते?"

"तू सांगतलं होतं मले. मागच्या चाकाजवळ तेल दिसून रायलं म्हणून."

"मी?" वलीनं आठवायचा प्रयत्न केला, ते त्याच्या कपाळावर दिसलं. "याद नाही, भाऊ. दिवसाले दहा जनाले सांगतो. नऊ ऐकत नाही."

त्या दुपारी, रस्त्यावरून टेम्पो जात असताना, स्टुलावर बसून खुशालरावांनी ती गोष्ट पहिल्यांदा सांगितली. सांगायला फार वेळ लागला नाही. चार वर्षं त्यांना वाटत होतं की ती खूप मोठी आहे, आणि ती दहा-बारा वाक्यांतच संपली. लग्न, धूळ, चर, आरसा, हळदीचा दिवस. वली हातातल्या पान्याला लागलेलं ग्रीस पुसत ऐकत होता. संपल्यावरही तो पुसतच राहिला. तो आता म्हणेल, तुमची काही चूक नाही भाऊ, आणि आपल्याला ते नको आहे, असं खुशालरावांना वाटलं. वली तसं म्हणाला नाही. "तेल निकलत होतं तर निकलत होतं," तो म्हणाला. "गाडीचं मी सांगू शकतो. पोटाचं मी कसं सांगू? पोरीले इचारलं का तुमी?"

"नाही."

"चार साल?"

 काउंटरमागून शाइस्ता म्हणाली, "काका, माह्या मोठ्याच्या वेळी मी नवव्या महिन्यापर्यंत मोपेडवर याच रस्त्यानं दुकानात येत होती. काही झालं नाही. माह्या बहिणीनं पलंगावरून पाय खाली ठेवला नव्हता, तिचं नाही रायलं. मले तर यातलं काही समजत नाही. पण इचारा तिले."

संध्याकाळपर्यंत चारही बसले. पुढचे बदलल्यावर चाकं सरळ करून घ्यावी लागतात, तेही झालं. वलीनं सांगितलं, पाचशे किलोमीटर झाले की परत आणा, नट पुन्हा कसून देतो. चिखलातून आले तर चाकामागं पाणी मारत जा, दांड्यावर माती बसली का आतलं रबर कापते. वर्षातून दोनदा खाली वाकून पाहा. खुशालरावांनी खिशातल्या डायरीत लिहून घेतलं, जसे ते पूर्वी खांबांचे नंबर लिहून घ्यायचे. घराकडे जाताना त्यांनी मुद्दाम खराब गल्ली धरली. कार खड्ड्यात गेली, बाहेर आली आणि थांबली, म्हणजे चालतच राहिली, पण तिचं डोलणं तिथंच संपलं. त्यांचं शरीर मात्र पुढच्या दोन हेलकाव्यांसाठी तयार होऊन बसलं होतं, खांदे वर, दात आवळलेले. ते हेलकावे आले नाहीत. प्रत्येक खड्ड्याला असंच झालं. कार विसरून जात होती, आणि त्यांचे खांदे विसरत नव्हते.

शनिवारी सकाळी आठला ते गोरक्षण रोडवर प्रियदर्शनीच्या इमारतीखाली होते. ती कठडा धरून एकेक पायरी उतरली. दोन बॅगा त्यांनी आणल्या. तिला त्यांनी मागच्या महिन्यातच पाहिलं होतं, पण तिच्या घरात, सोफ्यावर बसलेली. उन्हात उभी असलेली ती त्यांना एकदम मोठी बाई वाटली, आणि तिच्या चालण्यात कौशल्याचं तेव्हाचं चालणं होतं, पाठीवर एक हात ठेवून, तोल मागं टाकून. त्यांनी मागचं दार उघडून धरलं. तिथं त्यांनी दोन उशा आणि घडी घातलेली गोधडी ठेवली होती. "मी समोर बसते," ती म्हणाली, आणि बसली. पट्टा तिनं पोटाच्या खालून घेतला, सीट मागं सरकवली, पाय लांब केले.  शहरातल्या रस्त्यांवर प्रत्येक गतिरोधकाच्या आधी ते तिच्याकडे पाहत, आणि तिसऱ्यांदा ती म्हणाली, "समोर पाहा, बाबा."

शहर सुटलं आणि चौपदरी रस्ता लागला, सपाट, मधल्या दुभाजकावर कण्हेर. जाळीतून फुगून बाहेर आलेल्या कापसाच्या गाड्या अकोल्याकडे चालल्या होत्या आणि कडेच्या बाभळींच्या काट्यांवर कापसाचे पुंजके अडकले होते. तुरीची शेतं कापणीला आली होती. प्रियदर्शनीनं काच थोडी खाली केली. कार इतकी शांत चालत होती की खुशालरावांना तिचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यांना तो ऐकायची इच्छा नव्हती, कारण तो ऐकला की ते मोजू लागत. बोरगाव मंजू गेलं. कुरणखेड गेलं. मग त्यांनी नकळत वेग कमी केला. चाळीस, तीस. ते डावीकडे पाहत होते. एक विहीर होती, असं त्यांना आठवत होतं. एक पत्र्याचं शेड आणि विहीर, आणि त्यांच्या समोरच ती चर. पण रस्ता आता उंचावरून जात होता, कच्ची वाट कुठंच नव्हती, तिच्या जागी गवत होतं किंवा काहीच नव्हतं. मागून एका ट्रकनं लांब हॉर्न दिला आणि तो बाजूनं निघून गेला.

"काहून हळू केली?"

"इथं कुठी तरी होतं ते," खुशालराव म्हणाले.

तिनं काय ते विचारलं नाही. पुढं एका हॉटेलासमोर लिंबाची सावली होती, तिथं त्यांनी कार थांबवली. इंजिन चालूच ठेवलं. समोरच्या काचेकडे पाहत त्यांनी सांगितलं. वली, आठ दिवस आधी, मागच्या चाकाजवळचं तेल, आणि लग्न होऊन जाऊ दे. दुसऱ्यांदा सांगताना गोष्ट आणखी लहान झाली होती.

 "हे मले माहीत नव्हतं," प्रियदर्शनी म्हणाली. "बदलायले पायजे होते तुम्ही."

"हो."

"सांगतलं होतं तर बदलायलेच पायजे होते."

"हो," ते पुन्हा म्हणाले, आणि त्यांना आश्चर्य वाटलं. हे वाक्य ऐकायची त्यांना चार वर्षं भीती होती, आणि ते ऐकल्यावर छातीत काहीतरी जाग्यावर बसल्यासारखं झालं.

"पण बाळ त्याच्यानं नाही गेलं, बाबा." ती आता त्यांच्याकडे वळून बसली होती, जेवढं तिला वळता येत होतं तेवढी. "सोनोग्राफीत दिसलं होतं. वाढ आठव्या आठवड्यातच थांबली होती. मी तुमच्या गाडीत बसली तेव्हा ते दोन आठवड्यांपासून नव्हतंच. माह्या पोटात होतं, पण नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आईले न् मले पडद्यावर दाखवलं. माप घेऊन दाखवलं."

"तुह्या आईनं मले हे सांगतलं नाही."

"सांगायले लागली का तुम्ही उठून जात होते. मी फोनवर काढलं तर तुम्ही आईजवळ फोन देत होते." तिच्या आवाजात हसू होतं की दुसरं काही, ते त्यांना कळलं नाही. "म्हणून तर म्हटलं, कार घेऊन या. चालत्या गाडीतून कुठं उठून जाल?"

खुशालरावांनी चालू इंजिनाकडे पाहिल्यासारखं बॉनेटकडे पाहिलं. मग किल्ली फिरवून ते बंद केलं.

"न् मले काय वाटत होतं माहीत हाये?" ती म्हणाली. "तुम्ही याचे, तासभर बसाचे, घड्याळ पाहाचे, न् चालले. गाडीत कधी बसवलं नाही मले त्यानंतर. मले वाटे, मी त्या लग्नाले यायचा हट्ट केला म्हणून तुमच्या मनातून मी उतरली. आई नको म्हणत होती, मीच तुम्हाले फोन करून म्हटलं होतं, मले घेऊन चला."

"तू कुठं म्हटलं? मीच फोन केला होता. मीच म्हटलं ये."

"नाही बाबा. मी केला होता. प्रयोगशाळेच्या जिन्यावरून केला होता, मले पक्कं आठवते."

"मी अंगणातून केला होता."

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. दोघांनाही पक्कं आठवत होतं. आणि मग ती हसली, पोटावर हात ठेवून, कारण हसताना पोट दुखत होतं, आणि खुशालरावांच्या तोंडूनही एक आवाज निघाला, जो त्यांना स्वतःला ओळखता आला नाही. हॉटेलवाला चहा हवा का म्हणून विचारायला आला. त्यांनी दोन सांगितले. चहा पिताना त्यांना वाटलं की आता हलकं वाटायला हवं, पण तसं काही वाटेना. चार वर्षं ते रोज एक काम करत होते, कुणी न नेमलेलं, सुट्टी नसलेलं, आणि ते काम आता राहिलं नव्हतं. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते असेच बूट घालून ओट्यावर बसले होते. दोन आठवड्यांपासून नव्हतंच, हे शब्द त्यांनी मनात पुन्हा म्हणून पाहिले. म्हणजे त्या धुळीत, आरशात दिसलेल्या त्या हाताखाली. त्यांना त्या न झालेल्या बाळाची आठवण आली, आणि त्यांच्या लक्षात आलं की ती आज पहिल्यांदाच येत होती. आजवर त्यांना फक्त तेल आठवत होतं. डोळ्यांत आलं ते त्यांनी पुसलं नाही. प्रियदर्शनीनं पाहिलं आणि ती बाभळीकडे पाहू लागली, त्यांना वेळ देत.

"चला," ती थोड्या वेळानं म्हणाली. "न् जरा नीट चालवा. तीसनं गेलो तर डिलिव्हरी मूर्तिजापुरातच होईन."

त्यांनी साठ धरली. मूर्तिजापूर मागं पडलं. ती रोहितबद्दल बोलली, प्रयोगशाळेत आलेल्या एका शेतकऱ्याच्या मातीबद्दल बोलली, मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं ते बोलली, आणि एका वाक्याच्या मध्येच थांबली. त्यांनी पाहिलं तर तिचं डोकं दाराकडे कललं होतं आणि तोंड थोडं उघडं होतं. तिला झोप लागत नाही, असं कौशल्या सांगत होती, दोन आठवडे झाले, कुशीवर नीट वळताच येत नाही म्हणून. खुशालरावांनी रेडिओकडे गेलेला हात मागं घेतला. पुढं पुलाच्या जोडावरून चाकं गेली तेव्हा त्यांचे खांदे वर उचलले गेले. ते त्यांना जाणवलं आणि त्यांनी ते खाली सोडले. पुढच्या जोडाला ते फारसे उचलले गेले नाहीत. बडनेरा आलं, उजवीकडे यार्डात मालगाडी उभी होती, आणि ती झोपलेलीच होती.

घराच्या गल्लीत ते दुसऱ्या गिअरवर शिरले. कौशल्या फाटकात उभी होती. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात भाकरीचा तुकडा, ओवाळून टाकायला. कार दिसताच ती दोन पावलं पुढं आली. खुशालरावांनी ब्रेकवर पाय ठेवला आणि शेजारी पाहिलं. मग पाय काढून घेतला. फाटकासमोरून जाताना त्यांनी काचेतून बोट ओठांवर ठेवलं, मान मुलीकडे हलवली, आणि कार तशीच पुढं नेली. आरशात कौशल्या तांब्या धरून गल्लीच्या मधोमध उभी राहिलेली दिसली.

ते गल्लीच्या टोकाला वळले, मैदानाला वळसा घालून मागच्या रस्त्यानं परत आले. तो रस्ता खडबडीत होता. त्यांनी आरामात चालवली. प्रियदर्शनी झोपेत काहीतरी पुटपुटली आणि तिचा हात मांडीवरून घसरून गिअरजवळ पडला. त्यांनी तो उचलला नाही, गिअर बदलला नाही. दुसऱ्यांदा घरासमोर आले तेव्हा कौशल्यानं तांब्या आणि भाकरीचा तुकडा भिंतीवर ठेवून दिला होता, आतून खुर्ची आणली होती आणि ती फाटकात बसली होती. तिनं या वेळी त्यांना थांबवलं नाही. नुसता हात वर करून सांगितलं, जा, आणखी एक फेरी मारून या.